आजोबांच्या ट्रंकेतलं रिव्हॉल्व्हर आणि त्यावरचा छोटा बाण

गावचं घर विकायला काढलं की माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते. आत मेडल, पगाराचं पुस्तक, खाकी पट्टा, फोटोतून पिवळे पडलेले चार चेहरे. आणि कधीकधी तेलकट फडक्यात गुंडाळलेलं एक जड लोखंड. चंडीगडच्या एयरोसिटीत हे काही नवल नाही. इथे निवृत्त फौजी खूप, जवळच चंडीमंदिरला पश्चिम कमांडचं मुख्यालय, आणि पंजाबातल्या कितीतरी घरांतून दोन्ही महायुद्धांत कुणी ना कुणी गेलेलं. पण साताऱ्यात, कोल्हापुरात किंवा महाडकडच्या फौजी गावांत राहणाऱ्या माझ्या वाचकांनाही ही ट्रंक अनोळखी वाटणार नाही.

तर समजा, तुमच्याकडे असं रिव्हॉल्व्हर निघालं. त्यावर बारीक अक्षरं आहेत, मुकुट आहे, नंबर आहे आणि कुठेतरी कोंबडीच्या पावलासारखी तीन रेघांची खूण आहे. आज या खुणेबद्दलच बोलायचं आहे.

त्याआधी दोन वाक्यं सुरक्षिततेची. ते भरलेलं आहे असंच धरून चाला, चापाला बोट लावू नका, मुलांना खोलीबाहेर काढा. ते पिशवीत घालून कुणाला दाखवायला नेऊ नका. जागेवर ठेवून पोलीस ठाण्याला फोन करा. एयरोसिटीकरांनी लक्षात ठेवावं की आपण पत्त्यावर ‘चंडीगड’ लिहित असलो, तरी जिल्हा मोहालीचा, म्हणजे पंजाबचा. चंडीगडचं ठाणं तुम्हाला तिकडेच पाठवणार.

आता ती तीन रेघांची खूण. तो बाण आहे, आणि त्याला इंग्रजीत ब्रॉड ॲरो म्हणतात. ही मालकीची खूण. ‘हा माल सरकारचा, चोरलास तर पकडला जाशील’ हे अडाण्यालाही कळावं म्हणून इंग्लंडच्या शस्त्रखात्याने ती काही शतकांपूर्वी वापरात आणली. तोफा, जहाजाच्या डोलकाठ्या, कुऱ्हाडी, घड्याळं, पाण्याच्या बाटल्या अशा सगळ्यांवर ती असे. ब्रिटिश तुरुंगातल्या कैद्यांच्या कपड्यांवरही हेच बाण छापलेले असत. म्हणजे कैदीसुद्धा सरकारी मालच! पुण्याच्या जुन्या बाजारात लष्करी भंगार चाळणाऱ्यांनी हा बाण शंभरदा पाहिला असेल. बहुतेकांना तो कंपनीचा शिक्का वाटतो.

गंमत पुढे आहे. साम्राज्य मोठं झालं तसे बाणाचे भाऊबंद निघाले. नुसता बाण असेल तर माल ब्रिटनचा. बाणासोबत रोमन लिपीतला ‘आय’ असेल तर तो भारत सरकारच्या खात्याचा. ‘सी’ अक्षराच्या पोटात बाण दिसला तर कॅनडा. ‘यू’च्या पोटात असला तर दक्षिण आफ्रिका, कारण तेव्हा त्या देशाला युनियन म्हणत. दोन ‘डी’च्या मध्ये बाण म्हणजे ऑस्ट्रेलियाचं संरक्षण खातं, आणि ‘एन’ व ‘झेड’च्या मध्ये असेल तर न्यूझीलंड. भारतीय तुकड्या उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत या सगळ्या देशांच्या तुकड्यांच्या शेजारी लढल्या. त्यामुळे पंजाबातल्या किंवा साताऱ्यातल्या घरात न्यूझीलंडचा बाण असलेलं हत्यार निघालं, तर अशक्य म्हणून उडवून लावू नका. पण आजोबांनी ते तिकडच्या एखाद्या साहेबाकडून बक्षीस मिळवलं अशी गोष्टही लगेच रचू नका. बाण खातं सांगतो, गोष्ट सांगत नाही.

बाणाबरोबर बाकीची अक्षरंही वाचा. दुसऱ्या महायुद्धातलं एनफिल्ड रिव्हॉल्व्हर असेल तर उजव्या अंगावर मुकुट, त्याखाली राजाचं ‘जी आर’, कारखान्याचं नाव, ‘नंबर २’, मार्क आणि साल असतं. १९३८ नंतरच्या पुष्कळ नगांना घोड्यावर अंगठ्याने ओढायचा कान नसतो. तो तुटलेला नाही, तसाच बनवलेला आहे. पहिल्या महायुद्धातलं वेबली मार्क सहा आकाराने चांगलंच थोराड असतं. ते १९१५ साली सैन्यात आलं आणि त्याच्या डाव्या बाजूला कंपनीच्या नावासोबत साल कोरलेलं सापडतं. ‘आर एफ आय’ ही अक्षरं दिसली तर ती बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्याची. स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय शिक्क्यांत मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. बाजूला सुटी काडतुसं पडली असतील तर हात न लावता त्यांच्या बुडाकडे पाहा. तिथे ‘के एफ’ असेल तर ती आपल्या खडकीची. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे.

मुठीच्या मागच्या पट्टीवर कधी आकडे आणि आद्याक्षरं ठोकलेली असतात. ती पलटणीची आणि पलटणीच्या शस्त्रागारातल्या क्रमांकाची. सगळ्यात मोहात पाडणारी खूण हीच, कारण इथून थेट आजोबांपर्यंत पोचता येईल असं वाटतं. पण दोन अक्षरांत दहा पलटणी बसवता येतात. अक्षरं लिहून ठेवा, आजोबांचा सेवा क्रमांक शोधा आणि पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी ते बेळगावला आहे. निष्कर्ष त्यांचं उत्तर आल्यावर काढा.

आणि बाणच नसेल तर? मग पुष्कळ लोक म्हणतात, हे नकली आहे किंवा चोरीचं आहे. दोन्ही घाईचं. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश अधिकारी स्वतःची रिव्हॉल्व्हरं स्वतःच्या पैशाने दुकानातून घेत. गोळी सरकारी मापाची असली की झालं. अशा खासगी हत्यारावर सरकारी बाण नसणारच, पण तळाशी दोरी अडकवायची कडी असते आणि कधी मालकाची आद्याक्षरंही. साध्या शिपायाला मात्र रिव्हॉल्व्हर मिळत नसे, त्याच्या हाती रायफल. रिव्हॉल्व्हर अधिकाऱ्यांकडे, रणगाड्यातल्या माणसांकडे, लष्करी पोलिसांकडे, म्हणजे ज्यांना लांब बंदूक बाळगणं अवघड त्यांच्याकडे असे. आजोबा शिपाई होते आणि ट्रंकेत रिव्हॉल्व्हर आहे, तर ते त्यांच्याकडे आलं कसं हा प्रश्न घरात एकदा मोकळेपणाने विचारावा. उत्तर अवघड निघालं तरी.

तिसरा प्रकार अमेरिकन. १९४१ साली अमेरिकेने उसनवारीच्या कायद्याखाली ब्रिटनला आणि मित्रदेशांना शस्त्रं द्यायला सुरुवात केली. स्मिथ ॲण्ड वेसन कंपनीने युद्धकाळात ब्रिटिश मापाची पाच लाखांहून जास्त रिव्हॉल्व्हरं बनवली आणि ती साम्राज्यभर पसरली. त्यांच्या वरच्या पट्टीवर ‘युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी’ किंवा नुसतं ‘यू एस प्रॉपर्टी’ असं लिहिलेलं असतं आणि पुढे ‘जी एच डी’ ही तीन अक्षरं. ही पलटण नव्हे की कारखानाही नव्हे. गाय एच. ड्रूरी नावाच्या अमेरिकन कर्नलची ती आद्याक्षरं. तो माल तपासून पास करणारा अधिकारी होता. १९४२ पासूनच्या नगांच्या क्रमांकाआधी ‘व्ही’ असतो, विजयाचा व्ही. आता विचार करा, एकाच हत्यारावर अमेरिकेच्या मालकीचा शिक्का, त्यावर ब्रिटनचा किंवा भारताचा बाण, आणि ते सापडतं होशियारपूरच्या एखाद्या माळ्यावर! तीन खंडांचा प्रवास बोटभर जागेत लिहिलेला.

मालकीची खूण जशी आहे तशी मालकी सोडल्याचीही आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने ती जास्त मोलाची. दोन बाण टोकाला टोक लावून ठोकलेले दिसले, म्हणजे चांदणीसारखा आकार, तर सरकारने तो माल रीतसर आपल्या खात्यातून काढून टाकला होता. इंग्लंडमध्ये असं हत्यार नागरिकांना विकण्याआधी लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या परीक्षणगृहातून जावं लागे. तिथे दाबाची चाचणी होई आणि नळीवर, चक्रीवर नवे बारीक शिक्के पडत. काडतुसाची लांबी, ‘३½ टन’ असा दाब वगैरे. परदेशी बनावटीच्या हत्यारावर ‘इंग्लिश बनावटीचं नाही’ असंही ठोकत. तुमच्या नगावर हे शिक्के असतील तर तो कधीतरी दुकानातून, पावतीने विकला गेला होता असं मानायला आधार आहे. ती पावती ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्राखाली, जुन्या लायसन्सच्या वहीत असू शकते. कागद फेकण्याआधी चाळा.

आणि म्हणूनच माझी कळकळीची विनंती: घासू नका. दिवाळीच्या साफसफाईत पितळी समई घासतो तसं पॉलिश पेपर घेऊन बसू नका. गंज दिसला म्हणून रंग देऊ नका.

का, ते एका पिस्तुलाच्या गोष्टीवरून सांगते. एयरोसिटीतले आपण ज्या विमानतळावरून पुण्या-मुंबईला जातो, त्याला २०२२ च्या सप्टेंबरात शहीद भगतसिंगांचं नाव मिळालं. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये साँडर्सवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा भगतसिंगांच्या शेजारी आपल्या खेडचे शिवराम हरी राजगुरू होते. पुढे ८ एप्रिल १९२९ ला दिल्लीच्या असेंब्लीत भगतसिंगांना अटक झाली तेव्हा त्यांच्याकडचं पिस्तूलही पोलिसांकडे गेलं. .३२ बोअरचं कोल्ट, क्रमांक १६८८९६. खटल्याच्या कागदांत हा आकडा नोंदला गेला. २३ मार्च १९३१ ला तिघांना फाशी झाली, आणि पिस्तूल सरकारी मालखान्यांच्या पोटात गडप झालं.

अनेक दशकं ते कुठे आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. चंडीगडहून निघणाऱ्या द ट्रिब्यून वर्तमानपत्राचे पत्रकार जुपिंदरजित सिंग यांनी त्याचा माग काढला. धागा फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण संस्थेपर्यंत गेला. तिथून १९६९ मध्ये काही शस्त्रं इंदूरला, सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण केंद्राला पाठवली गेली होती. इंदूरच्या संग्रहालयात ती मांडलेलीही होती, पण गंज चढू नये म्हणून त्यांच्यावर काळा रंग फासलेला. २०१६ मध्ये रंग खरवडून नंबर वाचले, आणि त्यातल्या एकावर उमटलं १६८८९६. पुढच्या वर्षी ते पिस्तूल पंजाबात हुसैनीवाल्याला आलं, जिथे भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांचं स्मारक आहे.

नीट बघा, या शोधात पिस्तुलाचं रूप कामाला आलं नाही. तशी कोल्ट पिस्तुलं जगात ढिगाने आहेत. कामाला आला तो सहा आकडी नंबर आणि तोच नंबर लिहिलेला जुना कागद. रंगाने नंबर नुसता झाकला होता. रंग देण्याआधी कुणी हौसेने तो भाग घासून गुळगुळीत केला असता, तर ते आजही इंदूरच्या कपाटात बेनाव पडलेलं असतं.

घरच्या हत्याराचा नंबर गेला तर तोटा आणखी मोठा. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं आठवं कलम सांगतं की शस्त्रावरचं नाव, क्रमांक किंवा कोणतीही ओळखखूण खोडणं, बदलणं, खोटी पाडणं मनाई आहे. एवढ्यावर ते थांबत नाही. ज्याच्या ताब्यात अशी खोडलेली खूण असलेलं हत्यार सापडेल, त्यानेच ती खोडली असं न्यायालय धरून चालतं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. म्हणजे काकांनी चाळीस वर्षांपूर्वी चकचकीत करायच्या नादात नंबर घालवला असेल, तर उत्तर आज तुम्हाला द्यायचं आहे. चुकून खोडलेलं आणि गुन्हा लपवायला खोडलेलं यात लोखंड फरक करत नाही.

तसा खोडलेला नंबरही पूर्ण मरत नाही, हे कळलं तेव्हा मला नवल वाटलं होतं. शिक्का ठोकताना फक्त वरचा पत्रा दबत नाही, त्याखालच्या धातूची घडणही दबून ताणली जाते. वरून नंबर घासून काढला तरी खालचा ताण शिल्लक राहतो. तिथे विशिष्ट आम्लयुक्त द्रावण लावलं की ताणलेला भाग आणि न ताणलेला भाग वेगवेगळ्या वेगाने झिजतात आणि आकडे क्षणभर भुतासारखे वर येतात. फोटो काढायला तेवढा वेळ पुरतो. चंडीगडच्या केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेत शस्त्रतपासणीचा विभाग आहे. तिथे काम चालतं ते पोलिसांच्या आणि न्यायालयाच्या प्रकरणांवर. तुमच्या-माझ्या कुतूहलासाठी तिथे खिडकी नाही, आणि घरी आम्ल घेऊन हा प्रयोग करायचा तर मुळीच नाही. खोलवर घासलं असेल तर ताणही जातो आणि मग प्रयोगशाळाही हात टेकते.

आता एक कटू गोष्ट, जी दुकानदार आणि हौशी मंडळी सांगायची टाळतात. महायुद्धातली बहुतेक रिव्हॉल्व्हरं .३८० किंवा .४५५ या सरकारी गोळीची आहेत. आपल्या शस्त्रनियमांत ही दोन्ही मापं नाव घेऊन निषिद्ध वर्गात टाकलेली आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या नेहमीच्या लायसन्सवर ती ठेवता येत नाहीत, त्यासाठी केंद्राची परवानगी लागते. विनापरवाना ठेवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सात वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंत आहे. ‘आमच्या आजोबांची आठवण आहे हो’ या वाक्याला कायद्यात कलम नाही.

सुटकेची वाट आहे, तीही कायद्यातच. एकविसावं कलम म्हणतं की जवळ असलेलं हत्यार बाळगणं बेकायदा ठरत असेल, मग ते लायसन्सदाराच्या मृत्यूमुळे का असेना, तर विनाकारण उशीर न करता ते जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. जमा करताना पावती घ्या, आणि त्या पावतीवर प्रत्येक खूण उतरवून घ्या: बनावट, क्रमांक, बाण, सोबतचं अक्षर, साल. क्रमांक बहुधा एकाहून जास्त ठिकाणी असतो. सांगाड्यावर, चक्रीवर, कधी नळीखाली, कधी मुठीच्या तळाला. ते सगळे जुळतात का हेही लिहायला सांगा. ठाण्यातला अंमलदार ‘एक जुनी रिव्हॉल्व्हर’ एवढंच लिहून मोकळा होऊ पाहील. तिथे थोडा हट्ट धरा. नंतर वारस म्हणून अर्ज करायचा असो की संग्रहालयाला द्यायचं असो, याच कागदावर पुढची प्रत्येक पायरी उभी राहते. ‘एक जुनी रिव्हॉल्व्हर’ मालखान्यात हरवते, क्रमांक लिहिलेली परत सापडते.

काहीजण म्हणतील, शंभर वर्षांपूर्वीची वस्तू म्हणजे पुराणवस्तू, तिला कसलं लायसन्स? अर्धं बरोबर आहे. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, आणि १९१५-१६ चं वेबली ती ओलांडून गेलं. पण त्याने बंधन वाढलं, कमी झालं नाही, कारण पुराणवस्तू म्हणून ते देशाबाहेरही नेता येत नाही. शस्त्र कायद्यातली सूट फक्त अशा जुन्या किंवा मोडक्या हत्याराला आहे जे दुरुस्त करूनही चालणार नाही. तेल घातलेल्या फडक्यात जपलेलं वेबली साधारणपणे चालतं. आजोबांनी ते नीट सांभाळलं होतं, हीच अडचण.

परदेशांत, जिथे ही हत्यारं जमवण्याचा छंद कायदेशीर आहे, तिथे दुर्मीळ मालकीखुणेला चांगला भाव येतो. म्हणून खोट्या खुणाही पाडल्या जातात. जाणकार काय बघतात, तर शिक्क्याची कड. जुना शिक्का आधी ठोकलेला आणि वरून हत्याराला निळसर काळा मुलामा दिलेला असतो, त्यामुळे खाचेच्या तळातही तो मुलामा दिसतो आणि कडा हाताळून बोथट झालेल्या असतात. नव्याने ठोकलेल्या बाणाच्या खाचेत उघडं लोखंड चमकतं आणि कडेला धातू उचललेला जाणवतो. अर्थात दुरुस्तीच्या वेळी किंवा खातं बदलताना मुलाम्यावरूनही खरे शिक्के ठोकले गेले आहेत, तेव्हा एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवू नका. पण व्हॉट्सॲपवर फोटो मागवून ‘काका, ही फार रेअर खूण आहे, दोन लाख देतो, घेऊन या’ म्हणणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवा. तसल्या सौद्यात तुम्ही विक्रेते नसता, आरोपी असता.

शेवटचं, विमानतळ इतक्या जवळ असलेल्यांसाठी. ट्रंकेतल्या वस्तू बहीणभावंडांत वाटून झाल्या की कुणीतरी आजोबांचा कातडी पट्टा किंवा रिव्हॉल्व्हरचं रिकामं म्यान पुण्याला घेऊन जातं. ते नेण्याआधी पट्ट्याचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. खडकीचं एखादं विसरलेलं काडतूस आत राहिलं असेल, तर ते क्ष-किरण यंत्रात दिसतं आणि पुढची चौकशी विमान सुटून गेल्यावरही चालते. एक काडतूस असलं तरी शस्त्र कायदा तोच लागतो.

तुमच्या घरच्या हत्याराची जमा-पावती झाली असेल आणि एखादी खूण ओळखत नसाल, तर पावतीवर उतरवलेली खूण कागदावर काढून आम्हाला पाठवा. नाव, पत्ता, क्रमांक नको. पुढच्या महिन्यात लष्करी घड्याळांच्या पाठीवरचे बाण बघू. त्यांना लायसन्स लागत नाही.